बायकांच्या रकान्यातले काका

माइक ते पोळ्यांच्या डब्यात घालून आणायचे. स्टीलचा, झाकणाला कडी असलेला डबा, आत जुन्या पंच्याचा तुकडा आणि त्यात गुंडाळलेला त्यांचा स्वतःचा माइक. आमच्या क्लबाचे दोन चांगले माइक होते, मी चार ठिकाणी चौकशी करून घेतलेले, पण काका त्यांना हात लावत नसत. "सगळ्यांची थुंकी उडालेला माइक मला नको," म्हणायचे. ॲरिझोनातल्या चँडलरच्या उन्हाळ्यात, गाडीचं स्टिअरिंग रुमालाशिवाय धरता येत नाही अशा दिवसांत, ते पूर्ण बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट घालून यायचे, मनगटाची बटणं लावलेली. डबा टेबलावर ठेवायचे, कडी काढायचे आणि जमलेल्या मंडळींकडे असं बघायचे, की आता आम्हाला पानावर वाढणारच आहेत.

मग गायचे. सोळा वर्षांच्या मुलीचं गाणं.

हे नीट सांगायला हवं. गाणी अमेरिकन, साठच्या दशकातली. तीन-चार मुली एकसारखे फ्रॉक घालून, एकसारखे हात हलवत गायच्या, ती. पुढची मुलगी आपलं दुःख सांगते, मागच्या मैत्रिणी हुंकार देतात. त्याचा फोन येईल का, तो अंगठी देईल का, आईला तो का आवडत नाही, काल तो दुसरीबरोबर का नाचला. अडीच मिनिटांत सगळा निकाल. काका पंचाहत्तरीच्या पुढचे, निवृत्त इंजिनिअर, आवाज खर्जातला आणि थोडा घोगरा. ते ही गाणी एक अक्षर न बदलता गायचे. गाण्यात 'तो' असेल तर 'तो'च. 'मी तुझी होईन' असेल तर होईनच. आणि गाताना चेहऱ्यावर गमतीचा लवलेशही नसायचा.

मी एका चिप बनवणाऱ्या कंपनीत काम करतो. मी लागलो तेव्हा काका तिथून निवृत्त होत होते, तेवढी ओळख. खरी ओळख कराओके क्लबात झाली. दर महिन्याच्या एका रविवारी आमच्या वसाहतीच्या क्लबहाउसमध्ये पंचवीस-तीस मराठी माणसं जमतात, सामोसे खातात आणि गातात. मला गाता येत नाही. अगदीच येत नाही. म्हणून वायरी, स्पीकर आणि गाण्यांचा ऑनलाइन तक्ता हे माझं खातं. तक्त्यात तीन रकाने: पुरुष, स्त्री, ड्युएट. ज्याने त्याने आपल्या रकान्यात नाव आणि गाणं लिहायचं. हे रकाने मीच पाडलेले. तेव्हा त्यात काही विचार करण्यासारखं आहे असं मला वाटलं नव्हतं.

काकांनी पहिल्याच महिन्यात स्त्रियांच्या रकान्यात नाव घातलं. मी नम्रपणे मेसेज केला: "काका, चुकून बायकांच्या रकान्यात नाव गेलंय. हलवू का?"

उत्तर आलं: "चुकून नाही. हलवू नये."

त्यांनी या गाण्यांच्या जाती पाडल्या होत्या. फोनवाली, अंगठीवाली, आईला-न-सांगितलेली, परवानगीवाली. "आज फोनवाली म्हणतो," असं जाहीर करून उभे राहायचे. क्लबातले लोकही शिकले. "काका, आज कोण?" "अंगठीवाली." "मग मिळणार का तिला?" "अडीच मिनिटं धीर धर."

आणि गाणं संपलं की ते त्या मुलीचं पुढे काय झालं ते सांगायचे. हे गाण्यात नसायचं. हे त्यांचं. टाळ्या थांबायची वाट बघून, माइक तोंडाजवळच ठेवून, हवामानाची बातमी द्यावी तसं सांगायचे: "या मुलीने पुढे नर्सिंग केलं. तो मोटरसायकलवाला गाद्या विकायला लागला. दोघांची एकदा भेट झाली, गादी घेताना. तिने दुसऱ्या दुकानातून घेतली." किंवा: "हिने त्याच्याशीच लग्न केलं. त्याला अजूनही वाटतं, हिने निवांत बसून वाट बघितली म्हणून. ती तेवढ्या वेळात टायपिंग शिकली होती." मुलींची पुढची आयुष्यं वेगवेगळी असायची. मुलगे मात्र सगळे काही ना काही विकत बसलेले असायचे. गाद्या, विमा, वापरलेल्या गाड्या.

लोकांना अर्थातच कारण हवं होतं. चांगला शिकलेला, दोन घरं बांधलेला माणूस असं का गातो? कुणी म्हणायचं, तरुणपणी एखादी गोरी मुलगी सोडून गेली असेल. कुणी आवाज खाली आणून आणखी काही सुचवायचं. काकू कधी क्लबात येत नसत, तेव्हा काकूंबद्दलही तर्क चालायचे. प्रत्यक्षात काकू फार्मसिस्ट होत्या, पत्त्यांचा ब्रिज खेळायच्या आणि त्यांना गाण्यातलं काही कळत नसे. एकदा कुणीतरी काकांना विचारलंच, "काकूंना चालतं का हे?" काका म्हणाले, "तिचा नंबर देतो, विचार. माझ्याकडे तिचं वकीलपत्र नाही."

मला त्यांनी एकदाच काही सांगितलं, तेही कारण म्हणून नव्हे. विद्यार्थी असताना ते ओहायोतल्या एका थंडगार गावात एका म्हातारीच्या तळघरात राहायचे. तिच्या मुली लग्न होऊन गेलेल्या, त्यांच्या रेकॉर्ड्सचं खोकं तळघरात पडलेलं. बर्फामुळे बाहेर जाता येत नसे, म्हणून ऐकल्या. "मग?" मी म्हटलं. "मग काय? आवडल्या." मी कारणाची वाट बघत राहिलो, तसे जरा चिडून म्हणाले, "तुम्हा लोकांना आवडणं पुरत नाही का रे? पुरुषांची गाणी ऐक कधी. पुरुष कुणाची वाट बघतो का गाण्यात? बघितलीच तर दारू पितो. ही पोरगी बघ. काही न पिता बघते."

"पण काका, किती मूर्ख असतात त्या पोरी. तो हाडतूड करतो तरी त्याच्याच मागे."

"मूर्ख आहेतच. मी कुठे म्हणतो हुशार आहेत? पण मूर्ख आहे म्हणून तिचं बोलणं कुणी ऐकायचंच नाही?"

एका रविवारी त्यांनी परवानगीवाली म्हटली. त्या गाण्यातल्या मुलीला केस कापायचे आहेत, तिला गाडी शिकायची आहे, तिला मैत्रिणींबरोबर सिनेमाला जायचं आहे, आणि दर कडव्याच्या शेवटी ती म्हणते, त्याला विचारून सांगते. काका गायला लागले. पहिल्या कडव्यालाच हशा पिकला. पांढऱ्या केसांचा, कपाळ मागे गेलेला माणूस गंभीरपणे विचारतोय, मी केस कापू का. दुसऱ्या कडव्याला एकाला ठसका लागला, त्याच्या पाठीत गुद्दे मारावे लागले. तिसऱ्याच्या आधी काकांनी माझ्याकडे बघून हात वर केला.

"थांबव."

मी ट्रॅक थांबवला.

"का हसताय?" त्यांनी विचारलं. रागावून नाही. खरंच माहिती हवी असल्यासारखं.

"अहो काका, तुम्ही म्हणताय ना, त्याला विचारून सांगते, म्हणून," ठसकेवाला डोळे पुसत म्हणाला. "मजा वाटते."

"गेल्या महिन्यात हेच गाणं इथे एकीने म्हटलं होतं. फार गोड म्हटलं. तेव्हा कुणी हसलं नाही. टाळ्या वाजवल्या."

ठसकेवाल्याने रुमाल खिशात घातला.

"म्हणजे गाणं विनोदी नाही. मी विनोदी आहे. बरोबर?" त्यांनी आमच्याकडे एकदा बघून घेतलं. "असो. लाव रे. पहिल्यापासून."

मी पहिल्यापासून लावलं. या वेळी कुणीही हसलं नाही, आणि ते ऐकणं फार जड गेलं. केस कापू का, त्याला विचारून सांगते. गाडी शिकू का, त्याला विचारून सांगते. माझी बायको पलीकडच्या खुर्चीवर बसली होती. सकाळी तिने मला विचारलं होतं, "संध्याकाळी मीपण क्लबला आले तर चालेल ना? स्वयंपाक करून ठेवते." मी म्हटलं होतं, "चालेल की." माझ्याबद्दल मला एक गोष्ट नेहमी चांगली वाटत आलेली आहे, की मी तिला कधीही नाही म्हटलेलं नाही. कपडे, माहेरी जाणं, भिशी, कोर्स. प्रत्येक वेळी हो. ही पुण्यात नोकरी करणारी बाई माझ्यामागून इथे आली, कित्येक वर्षं व्हिसामुळे घरी बसली, आणि या सगळ्या वर्षांत मी तिला एकदाही अडवलं नाही, असं मी लोकांनाही सांगायचो. ते गाणं संपेपर्यंत मी स्पीकरची एक वायर उगाचच काढून घालत होतो. जो कधी नाही म्हणत नाही त्याला दर वेळी विचारावं का लागतं, हा प्रश्न इतका सोपा होता की तो मला पडला नाही याची लाज वाटत होती. अजून वाटते. ही लाज बरी होईल असं काही मी केलेलं नाही, हेही सांगून टाकतो.

परत येताना ती गाडी चालवत होती. तीच चालवते. मी म्हटलं, "काका जरा अतीच करतात."

"कुणाला अती झालं?"

मी खिडकीबाहेर बघितलं.

एका सिग्नलला ती म्हणाली, "मला ते ड्युएट गायचंय. काकांकडे एक आहे ना, तो गाडी घेऊन शहरात जातो आणि ती खिडकीत बसते, ते."

"गा की. छान होईल तुझ्या आवाजात. खिडकीतली..."

"खिडकीतली नाही. गाडीवाला." सिग्नल हिरवा झाला. "दिवसभर गाडी मी चालवते. पोरीला स्विमिंगला मी नेते, दातवाल्याकडे मी नेते, तुझ्या आईबाबांना एअरपोर्टवरून मी आणते. आणि गाण्यात मात्र खिडकीत मी?"

तिने काकांना स्वतःच फोन केला. काका म्हणाले म्हणे, "घे. मला तो गाडीवाला कधी जमलाच नाही. आवाज आहे, पण तेवढी घमेंड आणायची कुठून?"

तालीम काकांच्या गॅरेजमध्ये व्हायची. एका बाजूला त्यांचा जुना पिकअप ट्रक, दुसऱ्या बाजूला पंखा, मध्ये दोन घडीच्या खुर्च्या. मी वायरी सांभाळायला. आमची मुलगी कधी कधी ट्रकच्या मागच्या फळीवर पाय हलवत बसायची. गाण्यात मुलाच्या वाट्याला सगळ्या छान जागा होत्या, उड्या, गिरक्या, वेग. मुलीच्या वाट्याला लांबलांब ओढलेले स्वर. काका ते खर्जात, एका ठिकाणी घट्ट बसून गायचे.

"थांब," ते माझ्या बायकोला म्हणायचे. "तू जाताना सॉरी म्हणतेयस."

"मी कुठे म्हटलं?"

"शब्दांत नाही गं. आवाजात. दार ओढून घेताना मागे वळून बघतेयस. गाडीवाला सॉरी म्हणत नाही. त्याला काही चुकलंय हे माहीतच नाही."

"मग कसं म्हणू?"

"ऑफिसला जाताना नवरा 'येतो गं' म्हणतो ना, तसं."

ती माझ्याकडे न बघता हसली आणि पुढच्या खेपेला तसं म्हणाली. तंतोतंत. त्या एका ओळीत मी होतो, किल्ल्या खुळखुळवत, फोनमध्ये बघत. मुलगी ट्रकवरून म्हणाली, "ओ माय गॉड. आई, यू आर सो मच बेटर ॲज द बॅड गाय."

"बॅड नाहीये तो," मी म्हटलं.

"बाबा, यू आर नॉट इन द साँग," ती म्हणाली.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमाला हे गाणं द्यायचं ठरलं आणि तिथे अडलं. मंडळाचा अध्यक्ष माझा मित्र आहे. सकाळी सहाला उठून शाळेचं सभागृह झाडून घेणारा माणूस, त्याच्याबद्दल वाईट बोलवत नाही. त्याने मला फोन केला.

"अरे यार, वहिनींचा आवाज इतका गोड. त्यांना मुलीचं दे ना. काका मुलाचं म्हणतील. फ्लिप केलं की झालं. सिंपल."

"त्यांनी तसंच बसवलंय."

"क्लबात ठीक आहे रे. हा फॅमिली ऑडियन्स आहे. लोक हसतील. काकांचंच हसं होईल, मी त्यांच्यासाठी सांगतोय."

आमच्या मंडळात दर गणपतीला पाच पुरुष साड्या नेसून नाटुकलं करतात, खोटे केस, खोटी छाती, सगळं. सगळ्यांत जास्त टाळ्या त्यालाच पडतात. फॅमिली ऑडियन्स पुढच्या रांगेत पोरांना मांडीवर घेऊन बघतो. मी हे अध्यक्षाला म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "विचारतो."

घरी येऊन मी काकांना फोन लावला, स्पीकरवर. त्यांनी ऐकून घेतलं. "साडी नेसलो असतो तर बक्षीस दिलं असतं मला," ते म्हणाले. "शर्ट घालून बाईचं दुःख सांगितलं की पंचाईत होते. जाऊ दे. गाणं काढून टाक. कळव त्यांना, म्हातारा नाही म्हणतो."

बायको कणीक मळत होती. हात तसेच ठेवून ती फोनजवळ आली. "काका, गाणं दोघांचं आहे. तुम्ही एकट्यानेच कसं काढलंत?"



"चुकलो," काका म्हणाले. "सांग. काय करायचं?"

"गायचं. बसवलंय तसंच."

"बरं."

अध्यक्षाला फोन मी करणार होतो. हात धुऊन तिनेच केला. मी शेजारी उभा राहून थंड झालेला चहा ढवळत होतो. ती फार काही बोलली नाही. "तुम्ही ते उलटं करा म्हणताय, पण आम्हाला ते सरळच वाटतंय," एवढं एकदा म्हणाली, आणि नंतर दोनदा, "नाही, तसं नाही गाणार." आवाज चढवला नाही. गोडही केला नाही. गॅरेजमध्ये शिकलेला तो सूर तिने पहिल्यांदा गाण्याबाहेर वापरला, असं मला वाटलं. मला जरा भीतीही वाटली. हे मान्य करायला हवं, कारण अभिमान वाटला असं लिहिणं सोपं आहे.

अध्यक्षाने गाणं काढलं नाही. शेवटी टाकलं. आमच्याकडे शेवटी म्हणजे काय हे सांगतो: एक वाजता जेवण उघडतं. श्रीखंडाचा ट्रे दिसला की सभागृह रिकामं होतं. पावणेएकला मुलांचे नाच चालू होते, एक वाजून पाच मिनिटांनी काका आणि माझी बायको स्टेजवर आले, तेव्हा खुर्च्यांत चाळीसेक माणसं होती आणि बाकी सगळी बाजूच्या भिंतीशी, हातात प्लेटी घेऊन रांगेत. काकांनी डबा पायाशी ठेवला, कडी काढली, माइक काढला. रांगेतून कुणीतरी म्हणालं, "काकांनी पोळ्या घरून आणल्यात."

हसले लोक. काका सुरू झाल्यावर आणखी हसले. बायकोने गाडीवाला उचलला आणि रांग पुढे सरकायची थांबली. सगळीच थांबली असं नाही म्हणत. पुरीवर लक्ष असलेले पुढे गेले. पण बऱ्याच बायका प्लेट हातात धरून वळल्या. ती रोजच्या निळ्या साडीत उभी होती, एक हात मोकळा, आणि शहरात निघाली होती. मागे वळून बघत नव्हती. आणि तिच्या मागे, खुर्ची पकडून, इस्त्रीच्या शर्टातला एक म्हातारा सांगत होता की दिवा लावून ठेवते, तू ये.

अध्यक्ष माझ्याजवळ आला. "दुसरं कडवं उडव रे. हॉल सोडायचाय. फेड आउट कर."

"तिला विचार," मी म्हटलं.

"अरे, त्या गातायत!"

"हो ना."

तो स्टेजच्या कडेला गेला आणि घड्याळ दाखवू लागला. बायकोने बघितलं. गाता गाताच मोकळा हात उभा धरून तिने त्याला थांबवलं, चौकात पोलीस गाडी थांबवतो तसं, आणि दुसरं कडवं पूर्ण म्हटलं.

गाणं संपल्यावर काकांनी सवयीप्रमाणे सांगितलं, "या मुलीने पुढे दिव्याचं बिल त्याला पाठवलं." मग त्यांनी माइक माझ्या बायकोपुढे धरला. "आणि हा?"

ती जरा गोंधळली. मग म्हणाली, "हा अजून गाडीतच आहे."

पुढे काही क्रांती वगैरे झाली नाही. जेवताना दोघी-तिघी तिच्याशी बोलायला आल्या. ठसकेवाला म्हणाला, "वहिनी, मस्त. पण पुढच्या वेळी काकांना त्यांचा पार्ट द्या." ती म्हणाली, "त्यांच्याकडे त्यांचाच होता." तक्त्यातले रकाने मी काढून टाकले. फक्त नाव आणि गाणं ठेवलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही. सगळे आपोआप पूर्वीसारखेच गात राहिले.

हिवाळा संपताना काका गेले. म्हणजे टेक्सासमध्ये, अर्विंगला. काकूंना तिथल्या बहिणीजवळ राहायचं होतं, त्यांनी घर बघितलं, व्यवहार केला. "तुम्ही बघितलंत का घर?" कुणीतरी विचारलं. "नाही. तिने बघितलंय." "आणि तुमचं मत?" "विचारलं होतं तिने. मी म्हटलं, विचारून सांगतो. कुणाला विचारायचं ते अजून सापडलं नाही." निरोपाच्या दिवशी ते एक आईला-न-सांगितलेली गायले, पुढे ती मुलगी वकील झाली असं सांगितलं आणि सामोसा न खाता गेले. भाषणाला उठलेल्या अध्यक्षाला त्यांनी हाताने बसवलं.

गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात बायकोला तेच गाणं पुन्हा गायचं होतं. या वेळी कुणी हरकत घेतली नाही, फक्त खिडकीतली मुलगी मिळेना. तिने एकाला विचारलं, तो म्हणाला, "वहिनी, दुसरं काहीही सांगा." दुसरा म्हणाला, "गाडीवाला गातो ना मी." तिसऱ्याने आपल्या बायकोला आवडणार नाही असं सांगितलं, आणि त्याची बायको शेजारीच बसून "मला कशाला मध्ये घालतोस?" म्हणाली. शेवटी तिने ठरवलं, एकटीच गायचं. मुलीच्या ओळींच्या जागी नुसतं संगीत वाजू द्यायचं.

ती रोज संध्याकाळी तसा सराव करायची. मी जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसायचो. तिचं कडवं यायचं, ती शहराकडे निघायची, मग मुलीची जागा यायची आणि पंख्याच्या आवाजात नुसता ताल वाजत राहायचा. ती तेवढा वेळ उभी राहून मोजायची. माझ्या लक्षात आलं की हे गाणं ती नकळत सोडून देईल. भांडून नाही. आळस आल्यासारखं, हळूच.

"मी म्हणतो," एक दिवस मी म्हटलं.

"काय?"

"मुलीचं."

ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. "तुला सूर लागत नाही."

"नाही लागत."

"लोक फाडून खातील तुला."

"खाऊ देत."

"माझं गाणं बिघडवशील."

 ती खरंच विचार करत होती. दया म्हणून किंवा नवरा म्हणून ती हो म्हणणार नव्हती, आणि ते बघत उभं राहणं मला नवीन होतं. "दोन दिवस प्रॅक्टिस करून बघू," ती शेवटी म्हणाली. "नाही जमलं तर नाही."

जमलं असं कुणीच म्हणालं नाही. आमची मुलगी खोलीचं दार लावून घ्यायची. पण चौथ्या दिवशी बायको म्हणाली, "निदान वेळेवर येतोस." ते होकारासारखं होतं. मी अर्विंगला फोन केला. काकांनी फोनवर माझी एक ओळ ऐकली. "सूर सोड," ते म्हणाले. "तो तुझ्याच्याने व्हायचा नाही. एकच सांगतो. विनोद करू नकोस. तुला करावासा वाटेल. करू नकोस."

वायरी मी अध्यक्षाकडे दिल्या. ट्रॅक सुरू झाला. बायको निघाली, मागे न बघता, भरधाव, आणि सभागृह तिच्याबरोबर निघालं. या वेळी जेवणाला तास होता, खुर्च्या भरलेल्या होत्या. मग माझी जागा आली. मी तोंड उघडायच्या आधीच लोक हसू लागले होते. पहिली ओळ अशी काही बेसूर गेली की मागे कुणीतरी शिट्टी वाजवली. ठसकेवाला ओरडला, "अरे, लाजून तरी दाखव!"

सोपं होतं ते. मान जरा वेळावायची, कमरेवर हात ठेवायचा, डोळा मारायचा. अर्ध्या सेकंदात सगळं सभागृह माझ्या बाजूने झालं असतं. गाणं बायकोच्या हातून गेलं असतं, पण माझं हसं झालं नसतं. माझा हात कमरेकडे निघालासुद्धा होता. तो मी माइकवर आणला, दुसराही आणला, ठसकेवाल्याकडे बघितलं, आणि दिवा लावून ठेवते, तू ये, हे त्याला, जमेल तितक्या मोठ्याने, बेसूर, शेवटपर्यंत सांगितलं.